जुन्या कम्प्युटरमधलं अ‍ॅक्सिलरेटर कार्ड: बिघडतं कशामुळे, दुरुस्त कसं होतं आणि वेग किती वाढवता येतो?

शहापूर किंवा मुरबाडमधल्या एखाद्या शाळेचं, पतसंस्थेचं नाहीतर टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानाचं अडगळीचं कपाट उघडा. त्यात पिवळट पडलेला एखादा जुना कम्प्युटर निघू शकतो. भंगारवाला तो किलोच्या भावाने नेईल. पण त्याचं झाकण उघडल्यावर आत एक लांबलचक कार्ड असेल, आणि त्या कार्डातून निघालेली चपटी वायर थेट मदरबोर्डच्या प्रोसेसरच्या जागी खोचलेली असेल, तर जरा थांबायला हवं. ते अ‍ॅक्सिलरेटर कार्ड असण्याची दाट शक्यता आहे. जगभरात जुने कम्प्युटर जमवणारे लोक अशी कार्डं शोधत फिरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्याच मशीनच्या हार्ड डिस्कवर आणि फ्लॉपीवर कुणाचा तरी मराठी मजकूर अडकून पडलेला असू शकतो.

अ‍ॅक्सिलरेटर कार्ड म्हणजे नेमकं काय?

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता आणि त्याचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. काही वर्षांतच सॉफ्टवेअर जड झालं आणि मशीन कमी पडायला लागलं. नवा कम्प्युटर घेणं तेव्हा सोपं नव्हतं. भारतात तर आयात शुल्कामुळे किंमत अजूनच वर जायची. मग कंपन्यांनी वेगळा मार्ग काढला. कम्प्युटर तोच ठेवायचा, स्क्रीन, कीबोर्ड, डिस्क सगळं तेच ठेवायचं आणि फक्त मेंदू बदलायचा.

शहापूर तालुक्यातल्या माणसाला हे समजावायला कसारा पुरेसा आहे. नाशिककडे जाणारी गाडी कसाऱ्याला थांबते आणि थळ घाटाचा ३७ ला १ असा चढ चढायला तिला जादा बँकर इंजिनं जोडतात. मूळ इंजिन चालूच असतं, बँकर फक्त मदतीला असतात. इंटेलचा ८०८७ हा गणिती कोप्रोसेसर असाच बँकर होता. दशांशाची आकडेमोड आली की जोर लावायचा, एरवी गप्प. अ‍ॅक्सिलरेटर कार्डाचं काम वेगळं. मुंबईकडची डीसी विजेची लाईन आणि पुढची एसी लाईन असा फरक होता तेव्हा इगतपुरीला अख्खं इंजिनच बदललं जायचं, हे त्यासारखं. डबे तेच, प्रवासी तेच, पण इंजिन दुसरं.

मायक्रोसॉफ्टने १९८६ मध्ये ‘माक १०’ नावाचं असं कार्ड विकलं होतं. ऑर्किड कंपनीच्या ‘टायनी टर्बो २८६’ या छोट्या कार्डावर ८०२८६ प्रोसेसर असायचा. शिवाय मूळ ८०८८ काढून त्याच कार्डावर बसवायची सोय होती, म्हणजे गरज पडली तर जुन्या वेगावर परत जाता यायचं. इंटेलचं ‘इनबोर्ड ३८६ पीसी’ त्याच्या पुढचं. १६ मेगाहर्ट्झचा ३८६ आणि सोबत स्वतःची १ एमबी मेमरी. कार्डावर मेमरी असण्याला कारण आहे. जुन्या स्लॉटमधून डेटा हळू येतो. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी दर वेळी त्या अरुंद रस्त्याने जायचं म्हटलं की तो ताटकळत उभा राहतो. त्यामुळे चांगल्या कार्डाची खरी कमाल प्रोसेसरपेक्षा त्याच्या शेजारच्या वेगवान मेमरीत असते.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो बराच मोठा आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. त्यात इन्मॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. ताकद आणखी हवी होती, तेव्हा सगळं मोडून नवं बांधण्याऐवजी त्याच रचनेत इंटेलचा आय-८६० हा वेगवान प्रोसेसर घातला गेला. एक आय-८६० आणि त्याच्या दिमतीला चार ट्रान्सप्युटर, असा एक नोड. हा ‘परम ८६००’. प्रोग्राम लिहिण्याची ‘परस’ ही व्यवस्था तीच ठेवली, त्यामुळे आधी लिहिलेलं काम वाया गेलं नाही. घरच्या पीसीत अ‍ॅक्सिलरेटर कार्ड घालणारा माणूस जे करतो, तेच इथे महासंगणकाच्या पातळीवर झालं होतं.

सामान्य मराठी माणसाच्या जास्त जवळचं होतं ते मात्र सी-डॅकचं जिस्ट कार्ड. त्याचं मूळ आयआयटी कानपूरमधलं. मोहन तांबे हे या तंत्रज्ञानामागचं प्रमुख नाव. पुढे हे काम पुण्यात आलं. हे कार्ड डॉसच्या पीसीत बसवलं की डीबेससारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही देवनागरी टाइप करता यायचं आणि दिसायचं. काना, मात्रा, जोडाक्षरं जुळवण्याचं काम कार्ड स्वतः करायचं. काटेकोरपणे बोलायचं तर जिस्ट हे वेग वाढवणारं कार्ड नाही. पण मुख्य प्रोसेसरला न झेपणारं एक काम कार्डाने अंगावर घ्यायचं हे तत्त्व तेच, आणि दुरुस्तीही जवळपास तीच. त्यामुळे इथून पुढे जे येतं ते दोन्हींना लागू आहे.

शाळांचा विषय निघाला की आणखी एक मशीन आठवतं, बीबीसी मायक्रो. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, त्यात हे मशीन निवडलं होतं. सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने ते ‘युनिकॉर्न’ नावाने भारतात आणलं. या मशीनच्या पोटाखाली ‘ट्यूब’ नावाचं कनेक्टर असतं. तिथे दुसरा प्रोसेसर बाहेरून जोडता येतो. एप्रिल १९८५ मध्ये जगातली पहिली एआरएम चिप चालली, ती याच ट्यूबला जोडून. हा लेख ज्या मोबाईलवर वाचला जातोय त्याचा प्रोसेसरही बहुतेक त्याच घराण्यातला असेल.

बिघाड कुठून येतो?

वापराने ही कार्डं फारशी बिघडत नाहीत. पडून राहून बिघडतात. भातसा, तानसा, मोडकसागर भरणारा पाऊस जिथे पडतो त्या भागात जून ते सप्टेंबर घरातलं लोखंडी कपाटही गंजतं, तिथे पितळी पिना आणि कथलाचे जोड कसे टिकणार? त्यात भर म्हणून पाली, मुंग्या आणि उंदीर. उंदराचं मूत्र तांब्याचे ट्रॅक सहज खाऊन टाकतं.

पण पहिला गुन्हेगार बहुतेक वेळा मदरबोर्डवरची बॅटरी असते. २८६ आणि ३८६ च्या बोर्डांवर घड्याळासाठी पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असे. ती फुटून अल्कली बाहेर येते आणि शेजारच्या स्लॉटपर्यंत पसरते. कार्ड ठणठणीत असतं, पण ते ज्यात बसतं तो स्लॉटच कुजलेला असतो.

दुसरा संशयित म्हणजे कपॅसिटर. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि ९० च्या सुरुवातीला आलेले छोटे पत्र्याचे कपॅसिटर आतून गळतात. अमिगा १२०० किंवा मॅकिंटॉश एसई/३० दुरुस्त करणाऱ्यांना याचा वास पाठ असतो, सोल्डरिंग गन लावली की मासळीसारखा येतो. पिवळ्या-निळ्या थेंबासारखे टँटॅलम कपॅसिटर वेगळ्या तऱ्हेने जातात. ते शॉर्ट होतात, आणि कधीकधी स्विच टाकताच फटाक्यासारखे वाजतात.

दुरुस्तीची सुरुवात: स्विच टाकायचा नाही

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ‘चालतंय का बघू’ म्हणून लगेच प्लग लावल्याने. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचा पारदर्शक आवरणाचा कपॅसिटर असतो. त्या आवरणाला तडे जाऊन आत दमट हवा शिरते आणि २३० व्होल्ट मिळताच खोलीभर धूर होतो. तो बदलल्याशिवाय ते मशीन लावूच नये. जुन्या मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो. टीव्ही दुरुस्तीची सवय नसलेल्याने त्याचं झाकण उघडू नये.

कार्ड बाहेर काढायचं, दोन्ही बाजूंचे मोबाईलने स्वच्छ फोटो काढायचे, जम्पर कुठे आहेत ते लिहून ठेवायचं. मग नुसत्या डोळ्यांनी बघायचं. फुगलेलं, काळवंडलेलं, हिरवट-निळा थर आलेलं काही आहे का? बॅटरीचा थर असेल तर साधं पांढरं व्हिनेगर कापसाच्या बोळ्याने लावायचं, फेस थांबला की इन्व्हर्टरमध्ये घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं.

इथे एक गावठी चूक आवर्जून टाळायला हवी. पापड-कुरडयांसारखं कार्ड उन्हात वाळत घालायचं नाही. कार्डावर एखाद्या चिपला काचेची खिडकी असेल आणि तिच्यावरचा स्टिकर निघाला असेल, तर ती ईप्रॉम आहे. अतिनील प्रकाशाने तिच्यातला प्रोग्राम पुसला जातो. थेट उन्हात हे आठवड्याभरात होऊ शकतं. सावलीत, पंख्याखाली एक-दोन दिवस ठेवलं की काम होतं. आणि तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा मोबाईलवाला उपायही नको, पिठाची धूळ सॉकेटमध्ये जाते, एवढाच त्याचा उपयोग.

स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर रॅमला घासतात तसा मऊ पांढरा खोडरबर चालतो. मात्र एकदाच आणि हलक्या हाताने, कारण तो सोन्याचा थर अगदी पातळ असतो. पॉलिश पेपर लावला तर कार्ड आज चालेल आणि पुढच्या पावसाळ्यात कायमचं जाईल.

मल्टिमीटर काय सांगतो?

पुढचं काम दोन-चारशे रुपयांच्या मल्टिमीटरने होतं. पीसीच्या आयसा स्लॉटमध्ये बी-१, बी-१० आणि बी-३१ या पट्ट्या ग्राउंडच्या, तर बी-३ आणि बी-२९ या ५ व्होल्टच्या. कार्ड हातात धरून ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामधला रेझिस्टन्स मोजायचा. जवळपास शून्य ओहम आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुतेक वेळा टँटॅलममध्ये. संशयित कपॅसिटरचा एक पाय मोकळा करून पुन्हा मोजत गेलं की चोर सापडतो.

नंतर मशीनकडे वळायचं. अ‍ॅक्सिलरेटर बाजूला ठेवून मूळ ८०८८ त्याच्या सॉकेटमध्ये परत बसवायचा. मशीन त्यावर सुरू होतं का? ही चाचणी अनेकजण वगळतात आणि पॉवर सप्लायचा दोष कार्डाच्या माथी मारत बसतात. मूळ प्रोसेसर हरवला असेल तर एनईसीचा व्ही-२० शोधावा. तो पिन टू पिन बसतो आणि थोडा वेगवानही आहे. खरं सांगायचं तर कित्येकांना तेवढीच अपग्रेड पुरते.

मशीन चाललं आणि कार्ड लावल्यावर गप्प झालं, की मग संशय चपट्या वायरवर. चाळीस पिनांपैकी एखादी वाकलेली किंवा गंजलेली असते. एकेक पिन बीपवर तपासायची. हे कंटाळवाणं आहे, पण सर्वाधिक कार्डं इथेच बरी होतात. वायर उलटी बसवली तर चिप जागीच जाते, म्हणून खाच आणि १ नंबरची पिन दोनदा बघायची. ८०८८ च्या सॉकेटवर ४० नंबरच्या पिनवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. १ आणि २० ग्राउंड. १९ वर क्लॉक, २१ वर रिसेट. रिसेटची पिन सुरू होताना वर जाऊन खाली यायला हवी. ती वरच अडकून राहिली तर प्रोसेसर कामाला लागतच नाही, आणि माणूस उगाच प्रोसेसर बदलत राहतो.

तुटलेला ट्रॅक जोडायला महागडं काही लागत नाही. मोटर रिवायंडिंगवाल्याकडची केसासारखी तांब्याची तार घ्यायची, टोकांवरचं वॉर्निश खरवडायचं आणि दोन पायांमध्ये सोल्डर मारायचा. मेमरी चिपवर संशय असेल तर तशीच चांगली चिप तिच्या पाठीवर पाय जुळवून दाबून धरायची. मशीन सुधारलं तर खालची चिप खराब. मेलेली चिप काढताना ती वाचवायचा मोह सोडायचा, तिचे पाय कटरने कापायचे आणि एकेक पाय वेगळा उपसायचा. चिप दुसरी मिळते. उखडलेला ट्रॅक मात्र पुन्हा बसवणं अवघड.

गावातला मोबाईल रिपेअरिंगवाला यातलं बरंच करू शकतो, त्याच्याकडे हॉट एअर आणि मायक्रोस्कोप असतो. फक्त हे काम मोबाईलपेक्षा वेगळं आहे, कारण इथे चिपचे पाय बोर्डाच्या आरपार गेलेले असतात. सुटे भाग लागले तर आसनगावहून लोकल धरून दादरला बदलून ग्रँट रोड, आणि तिथून लॅमिंग्टन रोड म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मुरबाडकरांना आधी कल्याण गाठावं लागतं.

जे मेलं की कार्डही गेलंच

कार्डावर पाल किंवा गाल नावाच्या छोट्या चिप असतात. कंपनीने त्यात स्वतःचं लॉजिक भरून कुलूप लावलेलं असतं. अशी चिप गेली आणि तिची प्रत कुठे नसेल, तर तसंच दुसरं कार्ड मिळेपर्यंत वाट बघण्याशिवाय इलाज नसतो. ईप्रॉमचं तसं नाही. ती चालू असताना स्वस्त प्रोग्रामरने वाचून फाइल जपून ठेवता येते. म्हणून कार्ड सुरू झाल्याच्या दिवशीच हे काम उरकावं. वेग वाढवण्याचे प्रयोग नंतर.

अपग्रेड करताना कुठे फसगत होते?

सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे कार्डावरचा क्रिस्टल बदलून जास्त मेगाहर्ट्झचा लावणं. प्रोसेसर कदाचित तो वेग पेलेल, पण शेजारची मेमरी पेलेलच असं नाही. डिसेंबरात सुरळीत चाललेलं कार्ड मे महिन्यात, बाहेर चाळीस अंशांच्या वर पारा गेला की अडखळायला लागतं. असं अर्धवट चालणारं मशीन बंद पडलेल्यापेक्षा वाईट. बंद मशीन फाइल बिघडवत नाही.

तीच गोष्ट सायरिक्सच्या ४८६ डीएलसी या प्रोसेसरची. तो ३८६ डीएक्सच्या सॉकेटमध्ये बसतो आणि त्याच्या पोटात १ केबी कॅश आहे, म्हणून लोकांना तो आवडतो. पण जुन्या बोर्डांना या कॅशची कल्पनाच नसते. फ्लॉपीसारखं उपकरण प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितं आणि कॅशमध्ये शिळाच मजकूर राहतो. त्यावर विश्वास ठेवून फाइल सेव्ह केली की मजकूर गेला.

अमिगावर ही हौस जास्त सुखाने भागते. १४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या मूळ ६८ईसी०२० ऐवजी ५० मेगाहर्ट्झचा ६८०३० आणि जोडीला ६८८८२ हा गणिती प्रोसेसर, ही अमिगा १२०० मधली गाजलेली जोडी. हल्ली पाय-स्टॉर्म नावाचं छोटं बोर्ड मिळतं. त्यावर रास्पबेरी पाय बसतो आणि ६८००० ची नक्कल करतो. बीबीसी मायक्रोसाठी पाय-ट्यूब-डायरेक्ट हा तसाच प्रकल्प आहे. १९८१ च्या २ मेगाहर्ट्झच्या मशीनला त्यामुळे हवा तो दुसरा प्रोसेसर मिळतो. मात्र रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात आणि जुनं मशीन ५ व्होल्ट पाठवतं. मध्ये लेव्हल शिफ्टर नसेल तर नवा पाय पहिल्याच दिवशी जळतो. काही जुन्या हौशी मंडळींना हे पटत नाही, त्यांच्या मते हे म्हणजे बैलगाडीच्या आत मोटार लपवणं. पण मूळ मशीनला धक्का लागत नाही आणि काढलं की सगळं पूर्ववत होतं, हा मुद्दा त्यांनाही मान्य करावा लागतो.

मराठी मजकूर वाचवायचा असेल तर

इथे क्रम उलटा लागतो. आधी डेटा, मग दुरुस्ती, आणि अ‍ॅक्सिलरेटर सर्वात शेवटी. फाइल कॉपी करायला वेग लागत नाही. कार्ड काढून मूळ प्रोसेसरवर मशीन चाललं तरी पुष्कळ झालं. एक्सटी काळातली हार्ड डिस्क मात्र तिच्या मूळ कंट्रोलर कार्डासोबतच ठेवावी. दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर ती बहुधा वाचलीच जात नाही. अशी एकटी सुटी डिस्क भंगारात गेली की मजकूरही गेला.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिची खिडकी उजेडात धरून बघायची. दमट हवेत चकतीवर बुरशीचे ठिपके येतात. तशीच घातली तर हेड घाण होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. ग्रीसवीझल नावाचं छोटं बोर्ड जुन्या ड्राइव्हला यूएसबीने जोडतं आणि अख्ख्या फ्लॉपीची प्रत आजच्या लॅपटॉपवर घेता येते.

जिस्ट कार्डावर टाइप केलेला मजकूर उघडल्यावर इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसेल. घाबरायचं कारण नाही. तो इस्की या भारतीय मानकात असतो. १९९१ मध्ये हे मानक आयएस १३१९४ म्हणून जाहीर झालं, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. त्यामुळे अक्षराला अक्षर जुळवून रूपांतर करता येतं. गंमत अशी की त्यानंतरच्या विंडोजच्या काळातल्या फाइल जास्त त्रास देतात, कारण तेव्हा प्रत्येक फॉन्टची सांकेतिक भाषा वेगळी होती आणि तो फॉन्ट कोणता हे कळल्याशिवाय मजकूर लागत नाही.

सगळं जमलं की मशीन गादीखाली किंवा घट्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नये, आत ओल धरते. आगोटीच्या आधी मदरबोर्डवरची जुनी बॅटरी कापून काढावी, कार्ड सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात ठेवावं, आणि काढलेला मूळ ८०८८ त्याच डब्यात, कोणत्या मशीनचा आहे ते लिहून चिकटवावा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, वीज स्थिर असताना, अर्धा तास मशीन चालवलं तर आतल्या उबेने ओल निघून जाते.